खाऱ्या पाण्यांतील आगंतुक



चांदवडच्या माणसानें समुद्राविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांस किंचित् हंसूं येईल. आमचें गांव डोंगराच्या कुशींत वसलेलें. वर रेणुकादेवीचें स्थान, खालीं अहल्याबाई होळकरांचा रंगमहाल, आणि गांवाजवळून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता. मुंबईचा समुद्र या रस्त्यानें सुमारें २३० किलोमीटर दूर. मीं जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला, तोहि बहुधा किल्ल्यांचा व लढायांचा. परंतु गेल्या वर्षीं माझ्या नातवानें मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां इतिहासाचें एक निराळेंच प्रकरण माझ्या वाचनांत आलें. तें आज आपणांपुढें मांडीत आहें.

माझा नातू नाशिकास असतो. वय वर्षें चौदा. त्यानें मोठ्या हौसेनें घरीं खाऱ्या पाण्याचें एक लहानसें मत्स्यालय केलें आहे. कांचेच्या पेटींत समुद्राइतकें खारट पाणी, तळाशीं वाळू, आणि मधोमध समुद्रांतून आलेला एक सच्छिद्र दगड. अशा दगडाच्या भोंकांत असंख्य सूक्ष्म जीव राहतात व तेच पाण्यांतील घाण पचवून पाणी निर्मळ ठेवितात. म्हणून हौशी लोक त्यास 'जिवंत दगड' म्हणतात. पेटींत नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे चार मासे सोडले होते. महिनाभरांत त्यांतले दोन नाहींसे झाले. ना मेलेला मासा सांपडला, ना त्याचा कांटा. रात्रीं मात्र पेटींतून 'टक् टक्' असा आवाज येई. अखेर एके रात्रीं नातवानें विजेरीला तांबडा कागद गुंडाळून पाहिलें, तों दगडाच्या भोंकांतून दोन डोळे बाहेर आलेले! कोळंबीसारखा दिसणारा, परंतु कोळंबी नव्हे, असा तो प्राणी होता. पुढच्या दोन अवयवांच्या ठोशानें शंख-शिंपले फोडून खाणें हा याचा व्यवसाय. मासा जवळ आला तर त्याचीहि गय नाहीं.

"आजोबा, याला आपण आणलें नाहीं. मग हा आला कोठून?" नातवानें विचारलें.

"दगडाबरोबर आला असेल," मी म्हणालों.

"तें कळलें हो. पण असे न बोलावतां आलेले आणखी कोण कोण आहेत? आणि त्यांना लोकांनीं घालविलें कसें?"

प्रश्न पोराचा होता; पण होता खरा इतिहासाचा.

या आगंतुकांची कथा मत्स्यालयापासून नव्हे, तर जहाजांपासून सुरू होते. लाकडी गलबत पाण्यांत राहिलें कीं थोड्याच दिवसांत त्याच्या तळाला शेवाळ धरतें, त्यावर शिंपले व इतर कवचधारी प्राणी चिकटतात, आणि गलबताची चाल मंदावते. हे झाले बाहेरचे प्रवासी. आंतला प्रवासी यांहून घातक. त्यास जहाजाचा किडा म्हणत; वस्तुतः तो किडा नव्हे, शिंपल्याच्या कुळांतला प्राणी होय. अंग लांब व मऊ, आणि डोक्याशीं दोन चिमुकल्या शिंपा. त्यांनीं तो लाकूड कोरीत जातो. फळीला बाहेरून टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र दिसतें, आंत मात्र तिची चाळण झालेली असते. कोलंबसाच्या चौथ्या सफरींत त्याचीं जहाजें या प्राण्यानें इतकीं पोखरलीं कीं १५०३ सालीं तीं जमेकाच्या किनाऱ्यावर चढवावीं लागलीं, आणि त्या दर्यावर्द्याला सुमारें वर्षभर तेथेंच अडकून पडावें लागलें. पुढें १७३१ सालीं हॉलंडांत समुद्राला थोपविणाऱ्या बांधांचें लाकूड याच प्राण्यानें खाल्लेलें आढळलें. लोकांनीं त्यास ईश्वरी कोप मानून प्रार्थना केल्या. शेवटीं लाकडाच्या जागीं दगड घालूनच ते बांध नव्यानें उभारावे लागले.

आपल्याकडे जहाजाचें लाकूड किती मोलाचें होतें, हें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रावरून कळतें. त्यांतील आरमाराच्या प्रकरणांत, जहाजांसाठीं रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावूं नये, अशी ताकीद आहे. कारण तीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, लोकांनीं तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. अशा लाकडाचें जहाज पोखरलें जाणें म्हणजे एका पिढीचें नुकसान. म्हणूनच जहाज पाण्याबाहेर काढून त्याचा तळ तपासणें, खरवडणें व डागडुजी करणें हें आरमाराचें नित्यकर्म होतें. सुरतेहून १७३६ सालीं आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनीं मुंबईंत जहाजबांधणीचा पाया घातला, आणि १७५० सालीं तेथें सुकी गोदी तयार झाली. सुकी गोदी म्हणजे पाणी काढून टाकून जहाजाचा तळ उघडा करण्याची जागा. वाडियांच्या हातचें, मलबारी सागाचें, १८१७ सालचें 'त्रिंकोमाली' हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे.

त्याच शतकांत इंग्रजी आरमारानें या आगंतुकावर एक रामबाण शोधला. १७६१ सालीं 'अलार्म' नांवाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारण्यांत आला. तांबें पाण्यांत किंचित् विरघळतें व चिकटणाऱ्या जीवांस विषासारखें बाधतें. किडा थांबला, शेवाळ थांबलें, जहाजाची चाल वाढली. परंतु तांबें व लोखंड खाऱ्या पाण्यांत एकत्र आलीं म्हणजे लोखंड झपाट्यानें झिजतें, आणि जहाजाचे खिळे तर लोखंडी! उपायानें नवाच अपाय उभा केला. खिळे बदलेपर्यंत तो पत्रा धोक्याचाच ठरला. श्रोत्यांनीं हें तांबें ध्यानांत ठेवावें. पुढें तें पुन्हां भेटणार आहे.

लोखंडी जहाजें आलीं आणि लाकूड खाणाऱ्या किड्याचा प्रश्न बव्हंशीं मिटला. पण आगंतुकांना दुसरी वाट सांपडली. रिकामें जहाज हलकें होऊन लाटांवर हेलकावतें. म्हणून त्याच्या पोटांत कांहीं वजन भरावें लागतें. पूर्वीं हें वजन दगड-वाळूचें असे, पुढें समुद्राचें पाणीच टाक्यांत भरूं लागले. एका बंदरांत पाणी भरावयाचें, दुसऱ्या बंदरांत माल चढवितांना तें ओतून द्यावयाचें. त्या पाण्याबरोबर शेवाळाचे कण, शिंपल्यांचीं डोळ्यांस न दिसणारीं पिल्लें, नाना तऱ्हेचे जंतु हजारों मैलांचा फुकट प्रवास करूं लागले.

आपल्या देशांतील एक उदाहरण सांगतों. मध्य अमेरिकेकडील कॅरिबियन समुद्रांत बोटाच्या पेरापेक्षां फारसा मोठा नसणारा, पट्टेदार, काळसर शिंपला आहे. हा १९६७ सालीं विशाखापट्टणच्या बंदरांत दिसला, आणि पुढें १९७० नंतरच्या दशकांत मुंबईच्या गोदींतहि त्याची नोंद झाली. हा खांबांवर, नळांत, नांगराच्या सांखळीवर, गलबताच्या तळावर थरावर थर चढवितो आणि मूळच्या रहिवाश्यांना जागा उरूं देत नाहीं. आपल्या शास्त्रज्ञांनीं त्याला ओळखलें हें खरें. परंतु तोंपर्यंत त्यानें बिऱ्हाड थाटलें होतें. आज तो पाहुणा राहिलेला नाहीं.

हाच शिंपला १९९९ सालच्या मार्च महिन्यांत ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस डार्विन बंदरांत सांपडला. अवघ्या सहा महिन्यांपूर्वीं पाणबुड्यांनीं तेथें पाहणी केली होती, तेव्हां त्याचा मागमूस नव्हता. आतां एका चौरस मीटरांत हजारों शिंपले बसलेले. त्या बंदरांत भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, म्हणून लहान गलबतांच्या धक्क्यांना पाण्याचे दरवाजे बसविलेले आहेत. अधिकाऱ्यांनीं तसे तीन धक्के तात्काळ बंद केले. दीडशें टनांहून अधिक क्लोरीनचें द्रावण आणि त्याबरोबर कित्येक टन मोरचूद पाण्यांत ओतलें. तेथून निघून गेलेल्या गलबतांचा माग काढून त्यांचीहि तपासणी केली. महिनाभरांत शिंपला नष्ट झाला. अर्थात् त्या बंद पाण्यांतील बाकीचे जीवहि त्याच्याबरोबर गेले. हा विजय स्वस्त नव्हता. पण तो मिळाला याचें कारण एवढेंच कीं, कोणी तरी वेळेवर पाहत होतें आणि दरवाजा लावतां येत होता.

अशा अनुभवांनंतर जगाला जाग आली. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २००० सालापासून जगांतील सहा बंदरें निवडून या पाण्याच्या प्रश्नाचा अभ्यास आरंभिला. त्यांत मुंबई एक होती. मुंबई बंदरांत कोण मूळचे व कोण आगंतुक, याची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनें केली. २००४ सालीं जहाजांच्या या पाण्याविषयीं आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ रोजीं तो अंमलांत आला. बंदरांत भरलेलें पाणी शक्यतों किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांवर, खोल समुद्रांत बदलावें, आणि पुढें तर जहाजावरच तें शुद्ध करून मग सोडावें, असा त्याचा आशय आहे. घरीं येण्यापूर्वीं दारांत पाय धुवावे, हा आपल्या आजीचा नियमच तो. फक्त जहाजांना लागूं व्हावयास फार काळ लागला.

आतां मत्स्यालयाकडे वळूं. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांना पाहावयास पहिलें मोठें मत्स्यालय उघडलें. त्या कामीं फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचा हात होता, आणि त्याच्या १८५४ सालच्या पुस्तकानें हा छंद इंग्लंडांत घरोघर नेला. आपल्याकडे मुंबईंत १९५१ सालीं चौपाटीच्या रस्त्यावर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. उद्घाटन राष्ट्रपति राजेंद्रप्रसादांनीं केलें. आमच्या शाळेच्या सहलींत मीं चांदवडचीं मुलें तेथें नेलीं आहेत. ज्यांनीं तळ्यापेक्षां मोठें पाणी पाहिलें नव्हतें, तीं मुलें कांचेला नाक लावून उभीं राहत. बस सुटायची वेळ झाली तरी हलत नसत.

पण जहाजाला जें होतें तें कांचेच्या पेटीलाहि होतें. इंग्लंडांत न्यूकी येथील एका मत्स्यालयांत प्रवाळें रात्रींतून कुरतडलेलीं दिसूं लागलीं. लावलेले सांपळे तुटलेले आढळत. शेवटीं २००९ सालीं दगडांची सगळी मांडणी उकलली, तेव्हां सुमारें चार फूट लांबीचा, बळकट जबड्यांचा समुद्री किडा निघाला. दगडाबरोबर तो आला तेव्हां बोटभरहि नसेल.

पेटींतून समुद्रांत गेलेल्या आगंतुकाची कथा याहून मोठी आहे. एक हिरवेंगार, पिसासारखें समुद्री शेवाळ जर्मनींतील स्टुटगार्ट येथील मत्स्यालयांत शोभेसाठीं वाढवीत. थंड पाण्यांतहि तें तग धरी, म्हणून इतर संस्थांनीं तें मागून नेलें. १९८४ सालीं मोनॅकोच्या समुद्र-संग्रहालयाच्या खिडक्यांखालीं, भूमध्य समुद्राच्या तळाशीं, त्याचा सुमारें एक चौरस मीटरचा तुकडा दिसला. एक चौरस मीटर म्हणजे जेवणाच्या चटईएवढा. एका पाणबुड्यानें सकाळभरांत तो उपटला असता. परंतु हें आमच्याकडून गेलेंच नाहीं, तें आपोआप नाहींसें होईल, अशा वादांत वर्षें गेलीं. अलेक्झांद्र मीनेझ या फ्रेंच शास्त्रज्ञानें कंठशोष केला. तोंवर तें हजारों एकर समुद्रतळावर पसरलें आणि मूळच्या समुद्री गवतावर चढलें. उलट, २००० सालीं हेंच शेवाळ कॅलिफोर्नियांत कार्ल्सबाडच्या खाडींत सांपडलें, तेव्हां तेथील लोकांनीं कांहीं आठवड्यांतच त्यावर ताडपत्र्या अंथरून आंत क्लोरीन सोडलें. पुढें वर्षानुवर्षें पाणबुडे तळ धुंडाळीत राहिले, आणि २००६ सालीं तें समूळ गेल्याचें जाहीर झालें. शेवाळ एकच, फरक पडला तो उशीराचा.

हें सर्व ऐकून नातू म्हणाला, "म्हणजे हे जीव दुष्टच, नाहीं का आजोबा?"

तेव्हां मीं त्याला कांटेरी पंखांच्या, वाघासारख्या पट्ट्यांच्या माशाचें उदाहरण दिलें. हिंदी महासागरांत व प्रशांत महासागरांत हा मूळचा राहणारा. येथें त्याची तक्रार कोणी करीत नाहीं. पण शोभेसाठीं तो अमेरिकेस गेला, १९८५ सालीं फ्लॉरिडाच्या समुद्रांत दिसला, आणि आज कॅरिबियन समुद्रांतल्या लहान माशांचा काळ होऊन बसला आहे. कॅरिबियनचा शिंपला आपल्याकडे उपद्रवी, आपला मासा तिकडे उपद्रवी. दोष जीवाचा नव्हे. त्याला घराबाहेर नेऊन विसरणाऱ्याचा.

आणि येथें मला नातवापुढें एक कबुली द्यावी लागली. मी दहा-अकरा वर्षांचा असतांना आमच्या शाळेच्या कुंपणाशीं एक नवें झाड मीं पाहिलें. पानें गाजरासारखीं, वर चांदण्यांसारखीं बारीक पांढरीं फुलें. मला तें इतकें आवडलें कीं मुळासकट उपटून मीं तें घरीं नेलें, परसांत लावलें आणि रोज पाणी घातलें. तें गाजरगवत होतें. मूळचें अमेरिका खंडांतलें हें तण १९५५ च्या सुमारास पुण्याकडे ठळकपणें नजरेस आलें. परदेशांतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचें बी आलें असें सर्वसाधारणपणें मानतात. एका झाडाला हजारों बिया. दोन-तीन वर्षांत आमचें परस भरलें, मग बांध भरला, मग कांद्याचें शेत. निंदणी करणाऱ्या माझ्या आईच्या हातांवर पुरळ उठूं लागलें. डॉक्टरांनीं कारण सांगितलें तेव्हां तिनें मला एका शब्दानेंहि बोल लावला नाहीं. पण पुढें कित्येक वर्षें ती हाताला चिंध्या गुंडाळून निंदीत असे, आणि तें मी पाहत असें. या तणावर १९८४ सालीं बंगळूर येथें मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे सोडण्यांत आले. ते त्याचीं पानें खातात. तरीहि आमच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना तें अजून उभेंच आहे. सगळ्या चांदवडांत तें मींच आणलें असें नव्हे. रस्त्यानें तें आलेंच असतें. परंतु आमच्या शेतांत तें मीं आणलें.

म्हणून नातवाला व आपणांपैकीं ज्यांना हा छंद असेल त्यांना, चार गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, दगड घेण्यापूर्वीं त्यावर प्रवाळ नाहीं हें पाहावें. आपल्या देशांत प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे व तीं बाळगणें गुन्हा होय. दुसरी, नवा दगड एकदम पेटींत ठेवूं नये. चार-सहा आठवडे तो निराळ्या भांड्यांत खाऱ्या पाण्यांत राहूं द्यावा, आणि रात्रीं अंधुक तांबड्या उजेडांत पाहावा. चोर दिवसा निघत नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आधीं ओळख, मग उपाय. दगडांतून निघणारा प्रत्येक जीव शत्रु नसतो. केसाळ अंगाचे बारीक किडे, दोऱ्यासारख्या हातांचे तारामासे, उड्या मारणारे कणभर झिंगे हे बहुधा उरलेलें अन्न खाऊन पेटी स्वच्छ ठेवितात. त्यांस मारणें म्हणजे झाडूवाल्याला हांकलणें होय. किड्यांच्या केसांना मात्र उघडें बोट लावूं नये. उलट तपकिरी, पारदर्शक, नाजुक असें एक समुद्रफूल येतें. तें दिसतें सुंदर, पण शेजाऱ्यांना डंख करतें. तें कापूं किंवा चिरडूं नये, कारण तुकड्या-तुकड्यांतून नवें फूल उगवतें. शुद्ध चुन्याचें दाट मिश्रण पिचकारीनें थोडेंसें त्याच्या तोंडावर सोडणें हा एक उपाय आहे. खेंकडा असेल तर आमिष घातलेला कांचेचा पेला दगडाला तिरपा टेंकवून ठेवावा. आंत उतरलेल्या खेंकड्याला निसरड्या कांचेवरून वर येतां येत नाहीं. विष मात्र पेटींत घालूं नये. तांब्याचें औषध माशांच्या रोगांवर चालतें, पण तेंच दगडांतील उपयोगी जीव मारून टाकतें आणि दगडांत मुरून बसतें. जहाजाच्या खिळ्यांची गोष्ट ती हीच.

चौथी, पेटींतलें जुनें पाणी वा नकोसा झालेला जीव नदींत, विहिरींत किंवा समुद्रांत कधींहि टाकूं नये. गोदावरींतली जलपर्णी रोज पाहणाऱ्या नाशिककरांना याचें कारण सांगावयास नको.

आमच्या त्या ठोसेबाज पाहुण्याचें काय झालें, तें सांगून पुरें करतों. नातवानें दगड बादलीवर धरून त्या भोंकांत पिचकारीनें साधें सोडावॉटर सोडलें. तेव्हां स्वारी गुदमरून बाहेर पडली ती बादलींतल्या खाऱ्या पाण्यांत. मारावें असें माझें मत होतें. नातू ऐकेना. त्याच्यासाठीं त्यानें निराळी बरणी, निराळी वाळू आणि लपायला नळीचा एक तुकडा दिला आहे. दोन मासे खाल्ले म्हणून त्याचें नांव 'दरोडेखोर'. आतां रात्रीं 'टक् टक्' त्या बरणींतून येतें, आणि शेजारच्या पेटींत उरलेले दोन मासे सुखानें आहेत. नवा दगड मात्र अद्याप वेगळ्या भांड्यांत आहे. त्याचे सहा आठवडे पुढच्या रविवारीं पुरे होतात.